चौथं पिंप

शोभनाताईंनी पिंपाच्या झाकणाची एक कड अंगठ्याने उचकटली, उजव्या हातातली पळी आत नेली आणि दह्याचं पाणी ओतलं. एक पळी. मग वाटी तिरकी करून दुसरी. सुईत दोरा ओवताना मिटतात तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांची सून उभी होती. मुक्ताच्या अंगातला रेनकोट अजून निथळत होता आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आई?"

शोभनाताई दचकल्या नाहीत. मुक्ताला आधी हेच बोचलं. चोरी उघडी पडली की माणसाचा निदान हात तरी थरथरतो. या बाईने झाकण दाबून बसवलं, चारी बाजूंनी टकटक करून पाहिलं, पळी पदराला पुसली आणि मग वळली.

"आज लवकर?"

"वादळाचा इशारा आलाय. आमचं पाळणाघर एक वाजताच बंद केलं." विचारलं म्हणून मुक्ताने उत्तर दिलं, आणि आपण उत्तर देतोय याचाच तिला राग आला. "आई, काय करताय तुम्ही?"

"दिसलं ना तुला."

दिसलं होतं. आयर्लंडमधल्या घरांत पाणी तापवायच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल, चादरी उबेला ठेवायची ती जागा. लिक्सलिपच्या या घरात त्या कपाटाच्या तळाशी प्रसन्नचं बिअरचं पिंप असायचं आणि वरच्या फळीवर त्याच्या आईचं विरजण. सप्टेंबरात आई आल्या तेव्हा प्रसन्नच हसून म्हणाला होता, एकाच खोलीत दोन भाडेकरू, भांडू नका म्हणजे झालं.

आतापर्यंत दोन पिंपं नासली होती. पहिलं आंबट झालं तेव्हा प्रसन्न म्हणाला, पहिलटकर आहे, चालायचंच. दुसरं नासलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. तो कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर होता. नखशिखांत पांढरा झगा घालून, पापणीचा केससुद्धा गळू नये अशा खोलीत दिवस काढणारा माणूस. आपल्या हातून घाण झाली हे त्याच्या पचनीच पडेना. त्याने कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला. संशयित कारणं डावीकडे, केलेले बदल उजवीकडे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन असेल, म्हणून पाणी उकळून घेतलं. नळी बदलली. यीस्ट गरम पाण्यात पडून मेलं असेल, म्हणून थर्मामीटर धरून बसला. जंतुनाशकात पिंप अर्धा तास भिजवलं. एका वेळी एकच बदल, म्हणजे कारण सापडतं, असं तो मुक्ताला शिकवायचा. शेजारच्या डेक्लनने त्याला हे सगळं सामान दिलं होतं. तो कुंपणावरून विचारायचा, कशी झाली, आणि प्रसन्न म्हणायचा, ग्रँड, ऑलमोस्ट ग्रँड.

तक्त्यावर चौदा कारणं होती. आई त्यात नव्हती.

"तिन्ही वेळा?" मुक्ताने विचारलं.

"पहिल्याच दिवशी घालावं लागतं. त्याचं ते यीस्ट का काय, ते जोर धरायच्या आत." शोभनाताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चल, चहा टाकते. भिजलीयेस."

स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने करकरत होती. आईंनी आलं किसलं, दूध घातलं, सगळं रोजच्यासारखं. मुक्ताने रेनकोटसुद्धा काढला नव्हता. चार महिन्यांचा छंद, तीन शनिवारांची मेहनत, आणि जन्मदाती आई त्यात नासकवणी घालते! कुणाला सांगितलं तर विश्वास तरी बसेल का?

"का पण?" ती म्हणाली. "आवडत नाही तर तोंडावर सांगायचं ना त्याला. तुमचा मुलगा आहे."

"सांगून ऐकतात?"

"छंद आहे हो त्याचा. कुणी फोटो काढतं, कुणी सायकल चालवतं. थंडी-पावसात काय करायचं माणसाने इथे?"

शोभनाताईंनी कप तिच्यापुढे सरकवला. "त्या बाटल्या छंदातल्याच का गं?"

मुक्ताने कपाला हात लावला नाही.

बाटल्यांची गोष्ट अशी होती. घरी बिअर करायची तर भरायला बाटल्या लागतात. एका पिंपाला चाळीस. झाकणाला पीळ असलेली चालत नाही, ओपनरने उघडायचीच लागते. नव्या रिकाम्या बाटल्या विकत कशाला घ्यायच्या, भरलेल्याच आणू, म्हणजे दोन्ही कामं होतात, असं प्रसन्न ऑगस्टमध्ये म्हणाला आणि मुक्ता हसली होती. चाळीस जमल्या. मग साठ. मग कळलं की हिरव्या काचेत उजेडाने चव जाते, तपकिरी हव्यात. मग पिंप नासलं की तुलनेसाठी बाजारातली चांगली चाखून बघायला हवी. प्रत्येक बाटलीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. इंजिनियर माणूस, बिनकारणी काही करत नव्हता.

जास्तीच्या बाटल्या मुक्ता टाकायला न्यायची. लिक्सलिपच्या दुकानामागे रिकाम्या बाटल्या टाकायचे डबे आहेत, चालत पाच मिनिटांवर. तिथे नाही. तिथे दर शनिवारी कुणी ना कुणी मराठी भेटतं. ती गाडी काढून शेजारच्या गावी, मेनूथला जायची. बाटल्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून एकेक टॉवेलात गुंडाळून. खोटं बोलायला तोंड लागतंच असं नाही. टॉवेल पुरतो.

"मी बघते तुला दर आठवड्याला," शोभनाताई म्हणाल्या. "टॉवेल नको घेत जाऊस. टॉवेलला वास राहतो. वर्तमानपत्र बरं."

मुक्ताने मान वर केली. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर आडव्या होणाऱ्या झाडाकडे बघत होत्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे."

"कुठे पाहिलंत हे सगळं?"

"पाहिलंय म्हटलं ना." आवाज चढला नाही, पण दार लागल्याचं कळलं. "दुकानातली बाटली निदान दुकानातून आणावी लागते. चार माणसं बघतात. गल्ल्यावरची पोरगी बघते. पिंप घरात आलं की ते घरातलंच माणूस होतं. त्याला कोण म्हणणार, तू का आलास?"

"पण तुम्ही हे नासवता आणि तो दुकानातली आणखी आणतो. उलटंच होतंय."

"होतंय."

"मग?"

शोभनाताईंनी स्वतःचा कप उचलला. त्यांनी चहाचा घोट घेतला. पहिल्यांदाच त्यांचा हात मुक्ताला म्हातारा दिसला.

मुक्ताला तेवढी फट पुरली. ती भराभर बोलू लागली. प्रसन्न हरल्यामुळे पितोय. त्याला हरणं माहीतच नाही. एकदा, फक्त एकदा, पिंप नीट जमू द्या. वेड उतरेल, पुढच्या वर्षी तो सुतारकामाला लागेल बघा. हे तिसरं गेलं ते गेलं. चौथं होऊ द्या. बोलता बोलता तिचं तिलाच पटत गेलं.

शोभनाताईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "चौथ्याला हात लावत नाही. तू बघ."

"त्याला सांगू नका हं यातलं काही."

"मी?" शोभनाताई थोडं हसल्या. "मी कधी कुणाला काय सांगितलंय?"

दहा दिवसांनी प्रसन्नने तिसऱ्या पिंपातली अर्धी वाटी काढून चाखली आणि सिंकमध्ये थुंकली. मुक्ता शेजारी भांडी पुसत होती. ती पुसत राहिली. त्याने तक्ता दारावरून ओरबाडून काढला, चुरगाळला, मग पुन्हा उलगडून सरळ केला. त्या संध्याकाळी तुलनेसाठी सहा आणल्या.

पण तो हार मानणारा नव्हता. त्याचा मित्र जयेश औषधाच्या कारखान्यात जंतू तपासायच्या विभागात होता. प्रसन्नने त्याला छोट्या बाटलीत नमुना दिला. जयेशने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि रविवारी घरी येऊन टेबलावर मोबाईल आपटला.

"हे बघ. काड्या-काड्या दिसतायत ना? लॅक्टो. दह्यातले रे! तू बिअर नाही, ताक घुसळतोयस."

"दही?" प्रसन्न म्हणाला.

"तुझी बिअर गव्हाची, कमी कडू. कडू असती तर हे जंतू जगलेही नसते. घरात दही कुठे लावता?"

प्रसन्नने मोबाईल जवळ ओढला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई! अगं, तुझं विरजण! वरच्या फळीवरून उडून माझ्या पिंपात पडतंय!"

"हो का?" शोभनाताई पोळी लाटत म्हणाल्या. "दही उडतं होय?"

"हवेतून जातात गं जंतू. तुझी काय चूक. मीच गाढव, चौदा कारणं लिहिली आणि आईचं दही विसरलो." त्याने पिठाच्या हातांसकट आईला मागून मिठी मारली. "आजपासून तुझ्या दह्याला हद्दपारी. ओव्हनमधला दिवा लावून त्यात ठेव."

"तू म्हणशील तसं."

जयेशसुद्धा हसला. मुक्ताने आईंच्या हाताकडे पाहिलं. लाटणं थांबलं नव्हतं. पोळी गोल होत होती. आई-मुलाच्या त्या मिठीकडे बघून तिला जे वाटलं त्याला नाव देता आलं नसतं, पण त्यात लाज होती आणि ती तिची एकटीची होती.

चौथं पिंप जमलं.

नळीतून बुडबुडे ठरल्यासारखे आले, ठरल्यासारखे थांबले. प्रसन्नने बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली. बेचाळीस झाल्या. त्याने तो आकडा तक्त्यावर लाल शाईने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. जिन्याखालच्या कपाटात क्रेट रचले. दोन आठवडे कुणी हात लावायचा नाही, आत फेस तयार होऊ द्यायचा, उद्घाटन आई जायच्या आधीच्या रविवारी. त्या दोन आठवड्यांत त्याने दुकानातून एकही बाटली आणली नाही. मुक्ताने मेनूथची फेरी केली नाही. एकदा भाजी चिरताना ती सासूबाईंना म्हणाली, "बघितलंत?"

"बघतेय," शोभनाताई म्हणाल्या.

रविवारी स्वच्छ ऊन होतं. डिसेंबरात इथे असं ऊन पडलं की लोक उगीच बाहेर येऊन उभे राहतात. जयेश बाराला आला. मटार-उसळीचा वास घरभर होता. शोभनाताईंची बॅग दाराशी भरून तयार होती, विमान मंगळवारचं होतं. प्रसन्नने नवा कुडता घातला होता.

"मुक्ता, सहा काढ गं. मागच्या रांगेतल्या नको, पुढच्या घे."

ती जिन्याखाली वाकली. पुढच्या क्रेटमध्ये बाटल्या भरलेल्या होत्या. तिने सहा काढल्या आणि क्रेट पायाने सरळ करायला गेली, तर मागचा क्रेट भस्सकन सरकला. हलका होता. तिने मोबाईलचा दिवा लावला.

मागच्या रांगेतल्या सगळ्या रिकाम्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, माना खाली करून अगदी ओळीत लावलेल्या. एकीवरही बोटाचा ठसा नव्हता. तिने पुढच्या मोजल्या. काढलेल्या सहा धरून सतरा. दोन आठवडे हा माणूस दिवसा तिच्याशी हसून बोलत होता, दुकानात जात नव्हता, आणि दुकान जिन्याखाली होतं. ती रोज या जिन्यावरून वर-खाली करत होती. रोज, त्या बाटल्यांच्या डोक्यावरून. उद्घाटनाआधीच पंचवीस! आणि धुतल्या कशा, तर तिला आवाज येऊ नये अशा.

"सापडल्या का?" बाहेरून प्रसन्नचा आवाज आला.

"सापडल्या," ती म्हणाली.

तिने सहा बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि सासूबाईंकडे पाहिलं. सुनेचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला.

प्रसन्नने पहिली बाटली उघडली. फस्स झालं. ग्लास तिरका धरून त्याने अशी हळुवार ओतली की जयेशने शिट्टी वाजवली. सोनेरी, वर दोन बोटं फेस. प्रसन्नने ती उजेडात धरली. त्याचा चेहरा शाळेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता.

"थांब," जयेशने हात पुढे केला तसा तो म्हणाला. "आधी बाबांना."

या घराची ती रीतच होती. वर्षाचा पहिला आंबा, नव्या गाडीची किल्ली, बढतीचं पत्र, जे पहिलं येईल ते आधी मोरेश्वर मास्तरांच्या फोटोसमोर. कराडच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. तुळतुळीत दाढी, चंदनाचा हार, नजर समोर. प्रसन्न अकरा वर्षांचा असतानाच वसतिगृहात गेला होता आणि सुट्टीत भेटलेल्या बापाला त्याने देव करून ठेवला होता.

"बाबांनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही," तो जयेशला सांगत होता. ग्लास त्याने दोन्ही हातांनी फोटोसमोर ठेवला. "रागावले असते, मग हळूच विचारलं असतं, कितपत प्रमाण घेतलंस रे? रागावू नका बाबा, लेकाच्या हातची आहे. एक घोट."

"एवढी त्यांना पुरायची नाही," शोभनाताई म्हणाल्या.

उसळीत मीठ कमी आहे म्हणावं, त्या आवाजात.

प्रसन्न हसला. विनोद आहे असं त्याला वाटलं. मग हसू तसंच ठेवून तो वळला. "काय?"

"सकाळी चहाच्या आधी लागायची एवढी. ठेवायच्या तर सगळ्या ठेव."

"आई, काहीतरी काय बोलतेस? जयेश बसलाय."

"बसू दे. इतकी वर्षं कुणी ना कुणी बसलेलंच होतं." त्या उठल्या, फोटोपाशी गेल्या, ग्लास उचलला आणि टेबलावर त्याच्यासमोर आणून ठेवला. "हार्टने गेले म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना. तुलाही. पाचवीत तुला वसतिगृहात घातलं ते तू हुशार होतास म्हणून नाही, बाळा."

जयेशने मोबाईल हातात घेतला आणि न बघताच उपडा ठेवला. प्रसन्नने फोटोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, गणितात कुठे चुकलं ते शोधावं तसं. मग त्याची नजर आईवर आली आणि तिथून मुक्तावर. आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, त्याने मान वळवून जिन्याखालच्या कपाटाकडे बघितलं. दार उघडंच राहिलं होतं.

ग्लासातला फेस बसत चालला होता. बारीक चर्र आवाज येत होता.

मुक्ता जिन्याखाली गेली. रिकाम्या बाटल्यांचा क्रेट तिने दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला. शोभनाताईंनी रद्दीतलं वर्तमानपत्र घेतलं आणि पहिली घडी उलगडली, सवयीने, न बघता.

"नको, आई," मुक्ता म्हणाली. "राहू देत तशाच."

तिने चपला घातल्या. गाडीची किल्ली खुंटीवर होती, ती तिने घेतली नाही. पुढचं दार कोपराने ढकलून ती उन्हात बाहेर पडली. डेक्लन त्याच्या फाटकाशी उभा होता. दुकानाच्या कोपऱ्यावर मराठी मंडळातली नीलिमा मुलीला घेऊन येताना दिसत होती. पंचवीस बाटल्या पावलागणिक एकमेकींवर आपटत होत्या, खण्, खण्, खण्, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा. मुक्ताने क्रेट छातीशी नीट धरला आणि चालत राहिली.

मागे दार वाजलं. कुणी तरी बाहेर आलं होतं. पावलं जड होती, घाईची नव्हती. तिने वळून पाहिलं नाही. पण थोड्या वेळाने नव्या कुडत्याची एक बाही पुढे आली आणि क्रेटची एक बाजू हलकी झाली.